भर दुपारचं रक्त

न्कोलबिको
गुरुवार, ८ मार्च २००१

रेजिन पोरी,

हे पत्र फूदाच्या टॅक्सीतून पाठवते आहे. त्याला बजावलंय, याउंदेला पोचलास की आधी माझ्या भाचीच्या प्रयोगशाळेत जा, मग तुझ्या त्या मित्रांत बस. उशिरा मिळालं तर त्याचे कान धर.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या पायरीशी मी तुमच्या त्या आंधळेपणावरच्या गोळ्या वाटल्या. उंची मोजायची काठी रोवली, खुणेप्रमाणे कुणाला दोन, कुणाला तीन, उंच माणसाला चार. सगळ्यांच्या आधी मी घेतल्या, गावासमोर, पाण्याचा घोट घेऊन. तसं केल्याशिवाय ही माणसं तोंड उघडत नाहीत. सगळं नीट पार पडलं. तुझे काका दाराशी बसून हसत होते. म्हणाले, ओदील, माझे डोळे जायच्या आधी ही काठी कुठे होती?

आता खरं सांगायचं ते. आपला त्सांगा आजारी आहे. कोकोचं पोतं एकट्याने ट्रकवर टाकणारा त्सांगा. सोमवारी अंग खाजलं, ते सगळ्यांचंच खाजलं, तू सांगितलंच होतंस. मंगळवारी अंग दुखायला लागलं. काल सकाळी त्याला खाटेवरून उठता येईना. बायकोला म्हणाला, न्गोनो, बघ गं, हे पाय माझेच आहेत ना? ती हसली, तिला वाटलं ताडी जास्त झाली. आज तो बोलत नाही. डोळ्यांच्या पांढऱ्यात कुणी रक्त ओतावं तसे डोळे झालेत. अंथरुणातच लघवी होते. न्गोनोकडे बघतो आणि तिला आपल्या मेलेल्या आईच्या नावाने हाक मारतो.

मघाशी न्गोनो माझ्या दारात आली होती. म्हणाली, "काय दिलंस त्याला?"

म्हटलं, "जे तुला दिलं तेच."

"मग मी उभी कशी?"

याचं उत्तर तू दे. आणि लवकर दे.

तुझी,
ओदील मावशी

*

याउंदे
शनिवार, १० मार्च

मावशी,

फूदा वेळेवर आला, त्याच्या हातीच हे परत पाठवते. एकदा पूर्ण वाच आणि लगेच कामाला लाग.

त्सांगाला आजच तालुक्याच्या दवाखान्यात न्या. त्याला गोळ्या कधी दिल्या ते तिथल्या डॉक्टरांना सांग, लपवू नकोस. शुद्ध नसेल तेव्हा तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, ते छातीत उतरतं. गावठी काढा नाही, एनिमा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, त्याला दर थोड्या वेळाने या कुशीवरून त्या कुशीवर वळवत राहा, दिवसा आणि रात्रीही. अशी माणसं आजाराने कमी आणि पाठीला पडलेल्या जखमांनी जास्त जातात. नर्स एकटी असते, तिच्यावर सोडू नका.

हे असं होतं, पण फार क्वचित, हजारो माणसांत एखाद्याला. बहुतेक जण उठतात. न्गोनोला सांग, घाबरण्यासारखं काही नाही.

आता तुझं सांग. तू सगळ्यांच्या आधी घेतल्यास. डोकं दुखतं का? चालताना तोल जातो का? शब्द आठवायला वेळ लागतो का? आजीला पुरलं त्या दिवशी तुझ्या डोळ्यात अळी सरकताना मी पाहिली होती. मी किंचाळले आणि तू म्हणालीस, ओरडतेस काय, जाईल ती, तिला माझ्यापेक्षा जास्त घाई आहे. ती अळी मी विसरलेले नाही. म्हणून विचारते. खरं लिही.

रेजिन

*

तालुक्याच्या दवाखान्यातून
शुक्रवार, १६ मार्च

रेजिन,

मी ठणठणीत आहे. पुन्हा पुन्हा विचारू नकोस. जेवणाचं म्हणशील तर दोन माणसांचा कसावा एकटी खाते.

त्सांगा तसाच आहे. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. सांगितलंस तसं त्याला वळवतो. मी आणि त्याची भावजय. पहिले दोन दिवस न्गोनोने मला खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. मी व्हरांड्यात बसून तिथूनच ओरडायची, "वळवलंत का? आता डाव्या कुशीवर!" तिसऱ्या दिवशी ती बसल्या जागी झोपेने कोसळली, तेव्हा मी आत गेले आणि त्याला वळवलं. तिने डोळे उघडून बघितलं, पुन्हा मिटले. तेव्हापासून आत जाते. पण माझ्या हातचं ती काही खात नाही. परवा मी उकडलेली केळी आणि मासा पानात बांधून आणला, तर तिने तो माझ्यासमोर कुत्र्याला टाकला. कुत्रा खाईपर्यंत बघत उभी राहिली. खाल्ल्यावरही बराच वेळ बघत होती.

गावात बोलायला लागलेत. तुझ्या लक्षात आलं असेल काय ते. ओदीलच्या पोटात एवू आहे, चेटकिणींच्या पोटात असतो तो, रात्री बाहेर पडतो, माणसं खातो. आधी नवऱ्याचे डोळे खाल्ले, आता शेजाऱ्याचं डोकं. मी हसते. दिवसा हसते.

तुझे काका घरी एकटेच आहेत, त्यांची काळजी वाटते. बाकी बरं.

आणि तू लिहिलंस, घाबरण्यासारखं काही नाही. तुझं अक्षर बघितलंस का त्या ओळीतलं? मी तुला अक्षर काढायला शिकवलंय बाई, मला फसवू नकोस.

ओदील मावशी

*

याउंदे
बुधवार, २१ मार्च

मावशी,

बरं, नाही फसवत.

आपल्या भागात दोन वेगवेगळ्या अळ्या आहेत. एक नदीवरच्या बारीक काळ्या चिलटांमुळे येते. तिची पिल्लं कातडीत खाज आणतात आणि डोळ्यांत शिरून माणूस आंधळा करतात. काकांचं तेच झालं. आपली गोळी त्या पिल्लांवर आहे आणि ती उत्तम चालते. दुसरी अळी लाल माशीमुळे येते. डोळ्यातून सरकताना दिसते तीच. ती आंधळं करत नाही, म्हणून लोक तिला हसतात. पण तिची पिल्लं रक्तात असतात. एखाद्याच्या रक्तात ती बेसुमार असली आणि त्याने ही गोळी घेतली, तर ती सगळी एकदम मरतात आणि मेंदूच्या बारीक नसांत अडकतात. त्सांगाचं हेच झालं आहे.

आता जे सांगायला जड जातंय ते. जानेवारीत मी गावात येऊन सगळ्यांच्या बोटातलं रक्त काचेच्या पट्ट्यांवर घेतलं होतं. त्या काचा माझ्या टेबलाखाली खोक्यात होत्या. दुसरं काम होतं, मोजायच्या राहिल्या. तुम्ही गोळ्या वाटल्यात तेव्हा त्सांगाचं रक्त माझ्या पायाशी पडलेलं होतं, मावशी. काल ती काच काढली. भिंगाखाली ठेवली आणि मोजायला लागले. थोड्या वेळाने मोजणं सोडून दिलं. कातडीवर पुरळ उठावं तशी सगळी काच भरलेली.

कुणीतरी आधी बघायला हवं होतं. ते कुणीतरी म्हणजे मी.

तुझी काच अजून बघितलेली नाही. तू बरी आहेस हे कळलंय, तरी हात जात नाही. मी गावात येऊ का? न्गोनोला स्वतः भेटेन. तुझं रक्तही पुन्हा घेईन.

रेजिन

*

न्कोलबिको
रविवार, ८ एप्रिल

रेजिन,

त्सांगा बोलला! मंगळवारी सकाळी मी त्याला उजव्या कुशीवर घेत होते, तर म्हणाला, "हळू गं, मी काय कोकोचं पोतं आहे?" न्गोनो रडायला लागली. मग हसायला. मग पुन्हा रडली. जीभ जड आहे, डावा हात उचलत नाही, गोळ्या घेतलेल्या दिवसापासूनचं काही आठवत नाही. पण घास गिळतो. डॉक्टर म्हणतात, पाठीला एक जखम नाही, हे नशीब. नशीब कसलं, माझी कंबर मोडली आहे.

पण तू येऊ नकोस. मुळीच येऊ नकोस. इथे तुझं नाव काढलं तरी लोक थुंकतात.

गुरुवारी न्गोनोचे तिघे भाऊ आमच्या अंगणात आले. हातात कोयते. शेतावरून परतताना आलो म्हणाले, पण शेत दुसऱ्या बाजूला आहे. तुझ्या काकांनी ऐकलं आणि मासे मारायचा जुना भाला घेऊन दारात उभे राहिले. भाला रोखलेला कोंबड्यांच्या खुराड्याकडे. तिघांपैकी धाकटा हसला. मला मात्र हसू आलं नाही. रेजिन, मी चौकट घट्ट धरून उभी होते.

मोठा म्हणाला, "बाहेर ये. पोटात काय आहे ते आज बघू."

तेवढ्यात आमचे धर्मशिक्षक बोस्को धावत आले. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. दम लागलेला, एका पायात चप्पल. म्हणाले, "अरे, डोकी आहेत का तुम्हाला? विष असतं तर हिने सगळ्यांच्या आधी घेतलं असतं का? तुम्ही सगळ्यांनी पाहिलं ना घेताना? मग ही कशी जिवंत?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पाहिलं होतं त्यांनी. मग गेले. जाताना कुंपणाच्या दोन काठ्या तोडून गेले.

तेव्हा माझं जगणं मी आधी घेतल्या या एका गोष्टीवर चाललं आहे. कळलं? येऊ नकोस.

ओदील मावशी

*

याउंदे
मंगळवार, २४ एप्रिल

मावशी,

शेवटी तुझी काच बघितली.

कसं सांगू? तुझ्या रक्तात त्सांगाहून जास्त आहेत. गावात सगळ्यांहून जास्त. मी खुर्चीवरून उठले, बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारलं, परत येऊन पुन्हा मोजलं. तेच. आणि तू गोळ्या घेऊनही कसावा खात बसलीस, माणसं वळवत बसलीस, मला टोमणे मारत बसलीस.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्राध्यापकांना दाखवलं. ते कितीतरी दिवसांपासून म्हणताहेत की रक्तातल्या अळ्यांचा आणि या आजाराचा थेट संबंध नसावा, दुसरंच काही कारण असेल. तुझी काच बघून ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "ही बाई जिवंत आहे, म्हणजे तुझं मोजणं व्यर्थ आहे." न्कोलबिकोत खरोखर भरलेली रक्तं दोघांचीच. एक पडला, एक नाही. पुढच्या महिन्यात नदीपलीकडच्या बारा गावांत पहिल्यांदाच गोळ्या द्यायच्या आहेत. प्रत्येकाचं बोट आधी टोचायचं तर माणसं हवीत, भिंगं हवीत, कितीतरी आठवडे हवेत. तोवर नदी आणखी डोळे खाणार. आरोग्य मंत्रालयाच्या लोकांसमोर प्राध्यापक तुझा दाखला ठेवणार आहेत की टोचायची गरज नाही. कागद मीच लिहिते आहे.

आनंद व्हायला हवा. पण काल स्वप्नात त्या बारा गावांत लोक खाटांवर पडलेले होते आणि वळवायला कुणी नव्हतं. तुझं रक्त आता पुन्हा बघितलं असतं तर माझी खात्री पटली असती. पण तू येऊ देत नाहीस. म्हणून फक्त एवढं लिही. गोळ्या घेतल्यावर तुला उलटी झाली होती का?

रेजिन

*

न्कोलबिको
मंगळवार, १ मे

रेजिन,

उलटी झाली नाही. गोळ्या पोटात गेल्याच नाहीत, तर उलटी कशाची होईल?

याआधी दोन पत्रं लिहून चुलीत घातली. हे घालणार नाही, फूदा बाहेर उभा आहे.

त्या रविवारी माणसं मोजली होती त्यापेक्षा जास्त आली. नदीवर तळ ठोकलेले मासेमारही रांगेत येऊन उभे राहिले. बाटलीकडे बघितलं आणि कळलं की पुरायच्या नाहीत. पण मी आधी घेतल्याशिवाय कुणी घेणार नव्हतं. म्हणून माझ्या तीन गोळ्या मुठीत ठेवल्या, मूठ तोंडाला लावली, पाणी प्यायले, आ करून दाखवलं. मनात म्हटलं, शेवटी उरल्या तर घेऊ.

त्सांगा सगळ्यात शेवटी आला, शेतातून. बाटलीत एकच उरली होती. काठीशी उभा केला, तर चारची खूण. म्हणाला, "संपल्या असतील तर राहू दे गं ओदील, पुढच्या वर्षी बघू." आणि निघालासुद्धा. मी त्याला हाक मारून परत बोलावलं. माझ्या तीन त्यात घातल्या. म्हटलं, तुझ्यासारखा माणूस आंधळा झाला तर त्या बायकोने काय करायचं, माझ्याकडे बघ.

मी त्याला हाक मारली नसती तर.

त्या अंगणात बोस्को बोलले, तेव्हा मला खरं सांगायचं होतं असं मी म्हणणार नाही. मला फक्त कोयते दिसत होते. ते खोटं माझ्या अंगावरचं कातडं झालंय आता. ते काढलं तर काय होईल ते तुला माहीत आहे. म्हणतील, हिला ठाऊक होतं. स्वतः घेतल्या नाहीत, त्याला चारल्या.

पण तू लिहिलंस बारा गावं. रात्रभर मी ती नावं घेत होते. तिथली माणसं बाजाराला येतात, मी त्यांच्याकडून शेंगदाणे घेते.

तुझा तो कागद फाड. आणि जमलं तर माझं नाव कुठे घालू नकोस. फार भीती वाटते गं.

ओदील मावशी

*

याउंदे
शुक्रवार, ४ मे

मावशी,

कागद फाडला. तसाच प्राध्यापकांकडे गेले. तुझं नाव घेतलं नाही, पण तुझ्या काचेवर ते आहेच.

ते म्हणाले, "तुझी मावशी अडचणीत आहे, आता ती काहीही म्हणेल. कधी म्हणते घेतल्या, कधी म्हणते नाही. मी कशावर विश्वास ठेवू?" रागाने नाही म्हणाले. तेच जास्त लागलं. मंत्रालयाची बैठक शुक्रवारी, अकरा तारखेला आहे.

एक गोष्ट मात्र खोटं बोलत नाही. तू गोळ्या घेतल्या असत्यास तर तुझ्या रक्तातली पिल्लं आत्तापर्यंत जवळपास संपली असती. घेतल्या नसतील तर जानेवारीत होती तशीच, जिवंत, वळवळत असतील. एक थेंब पुरेल. प्राध्यापक स्वतः बघायला यायला तयार आहेत, मंगळवारी.

मी म्हटलं, रात्री गुपचूप जाऊन घेऊन येते, गावाला कळायला नको. बोलता बोलताच लक्षात आलं आणि थांबले. या अळ्या रात्री रक्तात नसतात, मावशी. फुप्फुसांत जाऊन लपतात. त्या माशीच्या वेळेला वर येतात, भर दुपारी. आणि तुला गाडीत घालून इथे आणलं, तर गाव म्हणेल पळाली, आणि काका घरी एकटे.

म्हणजे दुपारीच यावं लागेल. शहरातली गाडी, अनोळखी माणूस, भिंग, आणि सगळ्या गावात फक्त तुझं बोट. का, ते लोक विचारणारच.

मी तुला हो म्हण असं सांगत नाही. तसं सांगायची माझी छाती होत नाही. तू नको म्हणालीस तर आम्ही निघणार नाही आणि मी पुन्हा कधी विचारणार नाही. मी भित्री आहे, हे तुला आता कळलं असेलच.

रेजिन

*

न्कोलबिको
सोमवार, ७ मे

रेजिन,

या. उद्या दुपारी चर्चसमोरच्या बाकावर मी बसलेली असेन. उघड्यावर, सगळ्यांना दिसेल अशी.

त्यांनी विचारायच्या आधी मीच सांगितलं. काल प्रार्थनेनंतर. बोस्कोंना आधी सांगितलं होतं, तर ते म्हणाले, बाई, माझं बोलणंही खोटं ठरवलंस. पण घंटा वाजवून त्यांनीच लोकांना थांबवलं.

मी उभी राहिले. तुझे काका माझा हात धरून होते. लोकांना वाटलं त्यांना आधार मी देते आहे. पहिलं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही, पुन्हा बोलावं लागलं. मूठ, पाणी, बाटली, मासेमार, त्सांगा, हाक. सगळं सांगितलं. मग नदीपलीकडच्या गावांचं सांगितलं.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. बायका मुलांना जवळ ओढून मागे सरकल्या. न्गोनोचा मोठा भाऊ पुढे आला, म्हणाला, "ऐकलंत? हिला माहीत होतं." मी तुझ्या काकांचा हात इतका दाबला की आज त्यांची बोटं सुजली आहेत.

मग न्गोनो उठली. त्सांगाला तिने बाकावर टेकवून बसवलं, त्याचा डावा हात त्याच्या मांडीवर नीट ठेवला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. इतकी जवळ की तिच्या श्वासाचा वास येत होता.

म्हणाली, "दवाखान्यात मी झोपले होते तेव्हा तू त्याला वळवत होतीस. तुझ्या वाटच्या गोळ्या त्याच्या पोटात गेल्यात हे तेव्हाही तुला माहीत होतं?"

"हो."

"तोंडावर बोलली नाहीस."

"नाही. तुझ्या भावांना घाबरले."

तिने भावाकडे बघितलं. मग म्हणाली, "माझी बहीण पलीकडे दिली आहे. तिला तीन मुलं आहेत. तुझी भाची ते भिंग आणणार ना? मी स्वतः त्यातून बघणार. मग ठरवीन, तू चेटकीण आहेस की नुसती खोटारडी." आणि भावाला म्हणाली, "तोवर कुणी हिच्या अंगणात पाय ठेवायचा नाही."

तोवर म्हणजे उद्या दुपारपर्यंत. काल रात्री आम्ही दोघं दाराला खाट लावून बसून होतो. कुणी आलं नाही. आज रात्रीचं माहीत नाही.

रेजिन, खोटारडी ठरावं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा मेणबत्ती लावली आहे. भिंग नीट पुसून आण.

ओदील मावशी

*

याउंदे
सोमवार, १४ मे

मावशी,

निर्णय झाला. नदीपलीकडे आधी बोट टोचायचं, मगच गोळी. ज्यांच्या रक्तात पिल्लं जास्त सापडतील त्यांना गोळी नाही. उशीर होईल, खर्च होईल, पण सगळ्यांनी मान्य केलं. बैठकीत प्राध्यापकांनीच सांगितलं, मी तोंड उघडायच्या आधी. म्हणाले, "मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलो आहे." पहिलं गाव परवा. भिंगाशी मी बसणार आहे.

गाडीत बसताना तू खिडकीशी येऊन विचारलंस, न्गोनो भिंगातून बघून काय म्हणाली? ती बघत होती तेव्हा तू काकांना घरात न्यायला गेली होतीस. मी म्हटलं, नंतर लिहीन. प्राध्यापक शेजारी होते आणि मला रडू येत होतं.

तिला आधी काही दिसलंच नाही, स्वतःच्याच पापण्या दिसत होत्या. मी तिचं डोकं धरून नीट केलं. मग तिला दिसलं. इतका वेळ बघत होती की तिचे भाऊ चुळबुळायला लागले. तुझ्या रक्ताच्या थेंबात ती सगळी जिवंत होती, मावशी. चाबकासारखी फटकारे मारत होती, रक्ताचे कण इकडेतिकडे उडवत होती.

डोळा न काढताच तिने विचारलं, "हे माझ्या माणसाच्या अंगात होतं?"

म्हटलं, "याहून कमी होतं."

"आणि तिने त्या तीन गोळ्या घेतल्या असत्या तर?"

"बहुतेक त्सांगासारखीच पडली असती. कदाचित उठली नसती."

मग तिने डोकं वर केलं आणि भावांना सांगितलं, "खोटारडीच आहे. चला घरी." एवढंच. मऊ आवाजात नाही, रागातच. ती तुझ्याकडे जेवायला येईल असं मला वाटत नाही. पण भाऊ तिच्या मागून गेले, ते तू दारातून पाहिलंस.

भावांना पुढे पाठवून ती मात्र परत आली. मी काचा पुसत होते. ते मला तुला सांगायचं नव्हतं, पण आता एकमेकींपासून काही लपवायचं नाही असं मी ठरवलं आहे.

मंगळवारी तुझं बोट टोचताना मी तुझे डोळेही बघितले. तू सुई कुठे आहे ते चाचपडत होतीस. कडेचं तुला नीट दिसत नाही, आणि तू मला सांगितलं नाहीस. नदीची अळी तुझ्यातही आहे. तिच्यावर जी गोळी आहे ती तुला देता येत नाही, दिली तर दुसरी अळी तुला मारेल. त्या दिवसापासून मला याच एका गोष्टीची भीती वाटते आहे. बैठकीत सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हाही वाटत होती.

न्गोनोने ते ओळखलं होतं. तू चौकट हाताने शोधून घरात शिरलीस, हे तिने पाहिलं होतं.

म्हणाली, "तिचे डोळे चाललेत ना? तिला कुठली गोळी?"

म्हटलं, "तिच्यासारख्यांसाठी अजून नाही."

"अजून नाही म्हणजे?"

"म्हणजे शोधायची आहे."

तिने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि टेबलावर टाकलं.

"मग शोध की. पुसत काय बसलीस?"

तुझी,
रेजिन